डिग्र्याच्या खाजेची वही

खाज सुटली की डिग्र्या रिकाम्या कॅनांच्या रांगेला पाठ टेकून बसायचा आणि मागचा पाय असा चालवायचा, की शेवटचा कॅन वाजायला लागायचा. आधी हळू, मग भराभर, मग एकदम बंद. आता संपलं असं वाटावं तोच पुन्हा सुरू. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात आवाजांची काही कमी नव्हती. आमच्या पडवीतच गावाचं दूध संकलन केंद्र होतं, त्यामुळे उजाडायच्या आत बादल्यांच्या कड्या वाजायला लागत, मापं खणखणत, फॅट काढायच्या नळ्या फिरवणारं हातयंत्र घरघरत असे, आणि आपल्या दुधाची डिग्री कमी कशी लागली म्हणून दादांशी हुज्जत घालणाऱ्या बायका या सगळ्यांच्या वर आवाज काढत. पण आज साठी ओलांडून मी हे लिहायला बसले आहे, तर कानात पहिल्यांदा येतो तो तो शेवटचा कॅनच.

डिग्री म्हणजे दुधात पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची नळी. लोक त्या नळीलाही डिग्री म्हणत आणि तिच्यावर दिसणाऱ्या आकड्यालाही. एका पावसाळ्यात कुठूनसं आलेलं कुत्र्याचं तांबूस पिल्लू त्या नळीच्या उंच भांड्याशेजारी मुटकुळं करून झोपलं आणि काही केल्या हलेना, म्हणून दादांनी त्याचं नाव डिग्र्या ठेवलं. मोठा झाल्यावर त्याचा एक कान उभा राहिला आणि दुसऱ्यानं तो विचार सोडून दिला. भुंकायचा फारसा नाही. रांगेत कोणी मध्येच घुसलं तर मात्र बरोबर त्याच्याकडे बघून गुरगुरायचा, त्यामुळे दादांचं अर्धं काम तोच करतो असं गावात म्हणत.

दादा, म्हणजे माझे वडील, त्या केंद्राचे सचिव होते. हा शब्द ते स्वतः वापरत नसत, पण दुसऱ्यानं वापरला तर नाकारतही नसत. संगमनेरहून प्रवरेच्या कडेनं खाली आलं की आमचं गाव. ऊस, मका, घास आणि गाई. मी दुसरीत होते तेव्हा केंद्र आमच्याकडे आलं, आणि तेव्हापासून घराचा दिवस दोन टेम्पोंच्या मध्ये बसला. टेम्पो भरलेले कॅन घेऊन जायचा आणि आदल्या वेळचे रिकामे टाकून जायचा. मग दादा वह्या लिहीत, आई मागच्या अंगणात कॅन धूत असे, आणि दादांची थोरली बहीण सोनाआत्या, जी नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची, ती आम्हा सगळ्यांच्या चुका काढत असे. मी सहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. मला स्वतःचं असं काम नव्हतं, म्हणून प्रत्येक जण मला आपलं काम सांगे. कुरडयांचे दिवस होते. सकाळी गव्हाचा चीक शिजला की त्याच्या पातेल्याच्या तळाशी धरलेली खरवड मला मिळायची, वर तूप आणि साखर. त्यातला एक घास मी आत्याची नजर चुकवून डिग्र्याला द्यायची. आत्याच्या मते कुत्र्याला चीक घालणं म्हणजे देवाघरचा अन्याय होता.

खाज सुरू झाली ती उन्हं तापल्यावर. आधी नुसतं पोट चाटायचा. मग काखेतले आणि जांघेतले केस विरळ झाले, कातडी लाल दिसायला लागली, आणि मग तो कॅन वाजायला लागला. आमच्या गावात माणसाला ताप आला तर लोक 'होईल बरं' म्हणत, पण जनावराचं काही असलं तर सगळ्यांनाच औषध माहीत असायचं. आणि दुधाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांना वेळच वेळ. कोणी म्हणालं कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं पुसा. पुसलं. कोणी म्हणालं करंजाच्या तेलात गंधक खलून लावा. लावलं, त्याचा वास असा, की दोन दिवस आमच्या घरातल्या चहालाही गंधक लागलं होतं. एका म्हातारबांनी तंबाखूचं पाणी सुचवलं, ते आईनं साफ नाकारलं, कारण डिग्र्या स्वतःला चाटत असे आणि त्याला चक्कर आली असती. आत्याचं निदान सगळ्यात ठाम होतं. बाजरी उष्ण, कुत्र्याला रोज बाजरीची भाकरी, म्हणजे ही अंगातली उष्णता बाहेर पडतेय. त्याची बाजरी बंद झाली आणि ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून सुरू झाली. डिग्र्याला हा उपाय फार आवडला. खाज तेवढीच राहिली.

आणि मग युनूसभाईंचं जळकं ऑईल आलं. युनूसभाई टेम्पो चालवायचे, आणि इंजिनातून काढलेल्या काळ्या ऑईलवर त्यांची नितांत श्रद्धा होती. खरूज असो, गजकर्ण असो, गाईच्या शिंगाची जखम असो, एकदा लावा आणि विसरून जा. त्यांनी प्रेमानं डबाभर ऑईल आणलं, आणि आम्ही दोघांनी मिळून डिग्र्याला पोटापासून मानेपर्यंत काळा केला. तांबूस कुत्र्याचा काळा कुत्रा झाला. ऑईलवर धूळ बसली, धुळीवर भुस्सा बसला. एवढं होऊनही त्याच्या स्वभावात काही फरक पडला नाही. घरी कोणी आलं की अंग घासून स्वागत करायचं ही त्याची रीत होती. त्याच आठवड्यात दूध संघाचे सुपरवायझर महिन्याच्या फेरीला आले, आणि त्यांची विजार पांढरी होती.

मी पडवीच्या खांबाआड होते, म्हणून मला सगळं नीट दिसलं. साहेब खाली वाकून कॅनांची झाकणं बघत होते. डिग्र्या मागून आला, एकदा डाव्या बाजूनं घासून गेला, वळला आणि उजव्या बाजूनंही. रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. साहेबांनी विजारीकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं, त्याचं केस गेलेलं पोट बघितलं, आणि मग ते हसण्यातलं राहिलं नाही. दुधाच्या ठिकाणी खरजेचं कुत्रं, हे वर कळलं तर केंद्रच दुसरीकडे हलवतील, असं ते म्हणाले. आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. एका महिन्यानं मी पुन्हा येईन, तेव्हा एक तर कुत्रं इथं नसेल नाहीतर केंद्र इथं नसेल, असं दादांना सांगून ते गेले. दादांनी संध्याकाळी युनूसभाईंना विचारून ठेवलं, की वेळ आलीच तर चंदनापुरीच्या घाटापलीकडे नेऊन सोडाल का. युनूसभाईंनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी त्या दिवशी जेवले नाही. आत्या म्हणाली, उपाशी राहून कुत्र्याची खाज जात नसते. ते बरोबरच होतं, म्हणून सकाळी दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि ठरवलं, की महिन्याभरात डिग्र्याला बरा करायचा.

आता इथं माझी हुशारी सांगायला हवी. आधी ते ऑईल काढणं भाग होतं. साध्या पाण्यानं निघेना, अंगाच्या साबणाची वडी डिग्र्यासाठी मागायची तर आत्या हयात होती. पण आमच्याकडे एक गोष्ट पोत्यानं होती, ती म्हणजे कॅन धुवायचा सोडा. संघाकडून यायचा. गरम पाण्यात तो टाकला की कॅनच्या तळाशी चिकटलेला तुपकट थर काही न करता सुटायचा, आणि कॅन आतून चकाकायचा. आमच्या घरात स्वच्छता म्हणजे सोडा. माझ्या डोक्यात अगदी सरळ हिशेब होता, की साहेबांना स्वच्छ कुत्रं हवंय, आणि सोड्याइतकं स्वच्छ जगात दुसरं काही करत नाही. सोड्याला मी हात लावायचा नाही असं आईनं बजावलं होतं, म्हणून ती शेजारी कुरडया घालायला गेली की मी विहिरीच्या पाटावर डिग्र्याला न्यायची. एका आंघोळीत ऑईल निघालं. तो पुन्हा तांबूस दिसला तेव्हा मला एवढा आनंद झाला, की मी दर बुधवारी आणि रविवारी त्याला सोड्यानं धुवायचा नेम धरला. बिचारा उभा राहायचा. मी करतेय म्हणजे त्याच्या भल्याचंच असणार, असा त्याचा समज होता.

दहाएक दिवसांनी आमची गाय व्याली आणि तिचा जार पडेना, म्हणून दादा साळवे डॉक्टरांना घेऊन आले. तसे ते पूर्ण डॉक्टर नव्हते, सरकारी दवाखान्यात जनावरांवर देखरेख करणारे होते. पण तीन-चार गावांत त्यांच्याशिवाय कोणाचं पान हलत नसे. रविवारी सकाळी ते चर्चमध्ये असत, त्यामुळे रविवारी गाय आजारी पडू द्यायची नाही असा दादांचा कडक नियम होता. डॉक्टरांनी गाईचं काम केलं, हात धुतले, आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. मी त्यांच्यासमोर डिग्र्याला आणून बसवलं आणि साहेबांची मुदत, घाट, सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत, हे मला अजून आठवतं. त्यांनी डिग्र्याच्या उभ्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली आणि त्याच्या मागच्या पायाकडे बघत राहिले. मग दुसरा कान. खरूज असली की कान चोळताना कुत्र्याचा मागचा पाय आपोआप हलतो, आणि खरूज कानांच्या कडा आणि कोपरं आधी धरते, असं त्यांनी मला समजावलं. डिग्र्याचा पाय जागचा हलला नाही. कान छान होते, पाठ छान होती. गेलं होतं ते फक्त पोट, जांघा, काखा आणि पंजांच्या बोटांमधली कातडी.

मी औषध मागितलं. डॉक्टर म्हणाले, "देतो की. पण कशावर देऊ ते आधी कळायला नको का? तू एक काम कर. आठ दिवस ह्याच्या मागं मागं फिर. कुठं बसतो, काय खातो, कधी खाजवतो, सगळं लिही. मला कुत्र्याला विचारता येत नाही, म्हणून तुला विचारतो."

मला आयुष्यात तेव्हापर्यंत कोणी एवढं मोठं काम सांगितलं नव्हतं. पुढे मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, अनेक तपासण्यांचे अहवाल लिहिले, पण त्या वहीइतकं मन लावून काही लिहिल्याचं आठवत नाही. दादांनी केंद्राची एक कोरी वही दिली. तिच्यात सभासदाचं नाव, दूध, डिग्री, फॅट असे रकाने छापलेले होते. सभासदाच्या रकान्यात मी डिग्र्या लिहिलं, दुधाच्या रकान्यात खाणं, डिग्रीच्या रकान्यात जागा आणि फॅटच्या रकान्यात खाज; थोडी, मध्यम, लई. दिवसभर मी त्याच्या मागे. पहाटे तो रांगेजवळ. टेम्पो गेला की चिंचेखाली. मग ऊन चढलं, आईचे कॅन धुऊन झाले, की तो उठून मागे जायचा आणि कॅनांचं पाणी वाहून जाणाऱ्या चरीत पोट टेकून पडायचा. गार ओली माती, उन्हाळ्यात याहून सुख कुठलं. तासभर तिथं लोळला, की उठून यायचा आणि कॅन वाजवायला बसायचा. त्या चरीच्या कडेला आईनं दोनदा अळू लावलं होतं आणि दोन्ही वेळा ते करपलं होतं, हेही मी समासात लिहिलं. का, ते मला माहीत नव्हतं. फक्त एकच गोष्ट मी लिहिली नाही. मी त्याला घातलेल्या आंघोळी. आईचा मार चुकवणं हे कारण होतंच. पण खाजेच्या चौकशीत उपायाचा काय संबंध, असंही मला मनापासून वाटत होतं.

हल्ली माझ्या नातीकडे एक कुत्रा आहे. तिनं त्याच्यासाठी तीन प्रकारचे शाम्पू आणले, धान्य नसलेलं खाणं आणलं, मोबाईलवर फोटो पाठवून कुठल्याशा डॉक्टरांना विचारलं, तरी तो फरशीवर बसून पोट खाजवतच होता. मी एक दिवस तिच्या घरी गेले आणि विचारलं, फरशी कशानं पुसता. बाटली बघितली, वास घेतला, आणि आठ दिवस नुसत्या पाण्यानं पुसायला सांगितलं. आता ती मला मैत्रिणींचे फोन देते. मी प्रत्येकीला वही लिहायला सांगते, आणि प्रत्येक जणी पहिली गोष्ट लपवते ती स्वतः केलेला उपाय.

आठ दिवसांनी डॉक्टर गाईला बघायला आले. अंगणात बाज टाकली होती. दादा शेजारी उभे, आत्या उंबऱ्यात, आई मागे कॅन धूत होती. डॉक्टरांनी वही पहिल्या पानापासून वाचली. चरीपाशी थांबले, उठून मागे गेले, वाकून चरीतलं पाणी बोटांवर घेतलं आणि अंगठ्यानं चोळून बघितलं. बुळबुळीत. आईनं पातेल्यात सोडा कसा टाकला तेही त्यांनी उभं राहून बघितलं, आणि परत आले. पोटाचं कारण तिथंच सापडलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. चर बुजवली की झालं, साहेब यायला अजून दहा दिवस होते. पण डॉक्टर पुन्हा वहीत बघायला लागले. त्यांनी बोट ठेवलं ते फॅटच्या रकान्यावर. रोज मध्यम, मध्यम, मध्यम. बुधवारी लई. पुन्हा मध्यम. रविवारी लई. या दोन दिवशी काय होतं, असं त्यांनी विचारलं. मी मान हलवून काही नाही म्हटलं. हात मात्र माझ्याही नकळत परकराच्या मागे गेले.

डॉक्टर म्हणाले, "हात बघू तुझे."

मी पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत कातडी लाल झालेली, नखांच्या कडेला सालपटं निघालेली. मला स्वतःलाही रात्री खाज सुटायची, पण ते मी डिग्र्याकडूनच लागलं असं समजत होते आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. आता गप्प राहिले असते तर डिग्र्या घाटापलीकडे गेला असता. म्हणून बोलले. "मी धुते त्याला. कॅनच्या सोड्यानं. बुधवारी आन् रविवारी. सायबाला सोच्छ दिसावा म्हनून."

आई हातातला कॅन टाकून पुढे आली. मी मारासाठी मान खाली घातली. ती म्हणाली, "तुला सांगितलं हुतं का न्हाई, सोड्याला हात लावू नको म्हनून? हात खातो त्यो."

माझ्या पाठीत धपाटा बसलाच नाही. वर बघितलं तर डॉक्टर आईकडे बघत होते. "वहिनी," ते म्हणाले, "आता तुमचे दाखवा."

आईनं हात पदरात घेतले. "माजं काय बघता. मला सवय हाय."

"कुत्र्यालाही झालीच होती की सवय. दाखवा."

एवढं सगळं लिहिलं मी. कॅनाचा आवाज लिहिला, साहेबांची विजार लिहिली, कुत्र्याचे कान, काखा, पंजे लिहिले, आणि आत्ता मागे वळून वाचलं तर आईचे हात यात एकदाही आलेले नाहीत. मुद्दाम गाळले असं नाही. तेव्हा आमच्या घरात ते कोणी बघितलेच नव्हते, तर आठवणार कुठून. आईनं पदर बाजूला केला. तळव्यांवर भेगा, त्यांत काळं बसलेलं, बोटांची पेरं लाल, मनगटापर्यंत कातडी कोरडी होऊन तडकलेली. डिग्र्याच्या पोटापेक्षा ते वाईट होतं. किती वर्षं, असं डॉक्टरांनी विचारलं. "केंद्र आल्यापास्नं," आई म्हणाली, आणि असं बोलली की जणू केंद्राबरोबर टेबल-खुर्ची आली तसे हेही आले. खाज सुटते का? सुटते की, संध्याकाळी लई. मग काय करता? चुलीच्या राखेत घासते. डिग्र्याच्या खाजेवर अख्ख्या गावानं उपाय सांगितले होते, आणि माझ्या आईच्या हातांवर एकानंही नाही.

दादा आत गेले आणि सोड्याचं पोतं ओढत अंगणात घेऊन आले. पोत्याच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत एक छापील चिठ्ठी होती. दादांनी ती उभ्या उभ्या वाचली. एका कॅनला किती सोडा घ्यायचा ते तिच्यात लिहिलेलं होतं, एक लहान चमचा. आणि हातात मोजे घालायचे, आणि पाणी लांब सोडायचं. आई ओंजळीनं घालत होती. तिला वाचता येत नव्हतं. दादा गावातल्या प्रत्येकाच्या दुधाचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवायचे, कोणाला शंका नको म्हणून. ही चिठ्ठी त्यांनी कधी वाचून दाखवली नव्हती. त्यांनी आईकडे बघितलं आणि म्हणाले, "चुकलं माजं." आमच्याकडे पुरुषांनी असं बोलायची पद्धत नव्हती, आणि तेही आत्यासमोर आणि परक्या माणसासमोर. आईला इतकं अवघडल्यासारखं झालं, की ती चहा टाकायला घरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळचा टेम्पो गेल्यावर दादा धोतर खोचून कॅन धुवायला बसले. रांगेतले दोघे-तिघे मागे राहिले होते, त्यांनी ते बघितलं आणि दुपारपर्यंत गावभर झालं. सचिव कॅन घासतोय, ही त्या उन्हाळ्यातली मोठी बातमी होती. कोणी विचारी, वहिनी माहेरी गेल्या का; कोणी म्हणे, सचिव, आमचीबी दोन पातेली हायेत. आत्या सुरुवातीला तोंड फिरवून बसली, आणि मग दादा झाकणाची कड नीट घासत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांच्या डोक्यावर उभी राहून त्यांना शिकवायला लागली. दादांनी चमच्यानं सोडा मोजला. चर बुजवली आणि अंगणाच्या टोकाला खड्डा घेऊन त्यावर फरशी टाकली. युनूसभाईंनी संगमनेरहून लांब दांड्याचा ब्रश आणि रबरी मोजे आणले, आणि जळक्या ऑईलचं नाव पुन्हा काढलं नाही. आईला डॉक्टरांनी पंधरा दिवस सोड्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. तिनं त्याआधी कधी पंधरा मिनिटंही हात रिकामे ठेवले नव्हते, त्यामुळे पहिले काही दिवस ती चिडचिड करत घरभर फिरली. संध्याकाळी मी तिच्या हातांना आणि डिग्र्याच्या पोटाला खोबरेल लावायची. आधी आईला, मग डिग्र्याला, हा क्रम आत्यानं ठरवून दिला होता.

साहेब आले तेव्हा त्यांनी करड्या रंगाची विजार घातली होती. ते ओट्याच्या पायरीवरच थांबले. डिग्र्याच्या पोटावर अजून केस भरले नव्हते, पण लाली गेली होती आणि बारीक तांबूस लव आली होती. दादांनी त्यांना वही दाखवली, सगळी, माझ्या आंघोळींसकट. त्या मी नंतर लाल शाईनं भरल्या होत्या. मग दादा म्हणाले, "सायेब, कुत्र्यात काय न्हवतं. आमच्यात हुतं. त्यो हितंच ऱ्हाईल." मी दाराआड उभी होते. साहेबांनी पानं उलटली, चिठ्ठीबद्दल विचारलं, ती बघायला मागितली, आणि बराच वेळ वाचत राहिले. दुसऱ्या गावांतल्या केंद्रांवर कॅन कोण धुतं, हे बहुधा त्यांच्या मनात आलं असावं. शेवटी एवढंच म्हणाले, की कुत्र्यानं पडवीच्या आत यायचं नाही. डिग्र्या त्यानंतर नऊ वर्षं जगला आणि हा नियम त्यानं रोज दोन वेळा मोडला.

शाळा उघडली त्या सकाळी आई माझी वेणी घालायला बसली. ही वेणी म्हणजे आमचं रोजचं भांडण. तिच्या बोटांच्या भेगांत माझे केस अडकायचे, ताणले जायचे, मी ओरडायची, ती म्हणायची, नीट बस. सगळ्या मुलींच्या वेण्या अशाच घालतात, आयांचे हात असेच असतात, अशी माझी समजूत होती. त्या दिवशीही मी सवयीनं डोळे मिटले, दात आवळले आणि केस ओढला जायची वाट बघत बसले. बाहेर दादा मापं लावत होते. आईची बोटं केसांतून वरून खाली गेली, पुन्हा गेली. मी वाट बघतच होते.

"ऊठ की," आई म्हणाली. "झाली वेनी."

मी उठले नाही. तिला म्हटलं, "सोड ती. परत घाल."

शाळेची घंटा व्हायला आली होती. आईनं एकदा दाराकडे बघितलं आणि रिबीन सोडली.